महिन्यातून एक वीकेंड येणारे फायटरवाले, आणि वॉशिंग्टनच्या १२१ व्या स्क्वाड्रनची गोष्ट

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत राखीव फायटर स्क्वाड्रन असतात म्हणे, पायलट आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी येऊन लढाऊ विमान उडवतात, हे खरंच कामाचं असतं का नुसतं कागदावरचं, आणि अशा एखाद्या युनिटचा इतिहास सांगा. विचारणारा मुलगा पुण्यात एएफसीएटीची, म्हणजे भारतीय हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या परीक्षेची, तयारी करतोय असं त्याने लिहिलंय. मी २२ वर्षं एअर नॅशनल गार्डमध्ये एफ-१६ वर क्रू चीफ होतो, म्हणजे पायलट नाही, विमान ज्याच्या ताब्यात असतं तो मेकॅनिक. त्यामुळे माझं उत्तर जमिनीवरून दिसणारं आहे, ते चालेल असं धरून लिहितो. थोडं लांबेल.

आधी शब्द नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. अमेरिकन हवाई दलाला दोन राखीव दलं आहेत. एक एअर फोर्स रिझर्व्ह, ते सरळ केंद्राचं. दुसरं एअर नॅशनल गार्ड, ते दोन मालकांचं, एरवी राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली आणि बोलावणं आलं की राष्ट्राध्यक्षाच्या. गार्ड वेगळं दल म्हणून जन्मलं १८ सप्टेंबर १९४७ ला, ज्या दिवशी अमेरिकेचं हवाई दलच लष्करापासून वेगळं झालं. वॉशिंग्टन डीसी हे राज्य नाही, तिथे गव्हर्नर नाही, म्हणून तिथल्या गार्डचा कमांडर थेट राष्ट्राध्यक्ष असतो. 

आता 'वीकेंड'चं. महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून १५ दिवस, हा किमान हिशेब खरा आहे. पण तेवढ्यावर फायटर उडवता येत नाही हो. एफ-१६ सारख्या विमानावर हात बसलेला ठेवायचा तर पायलटला महिन्यात कितीतरी वेळा यावं लागतं, त्यासाठी वेगळ्या पगारी फ्लाइंग ड्यूट्या असतात, आणि आमचे बरेचसे पायलट एअरलाइनमध्ये असायचे त्यामुळे ते आपलं रोस्टर त्याप्रमाणे लावून घ्यायचे. शिवाय युनिटचा एक भाग फुलटाइमच असतो, हँगरमध्ये सोमवारी सकाळी सातला गेलात तरी विमानं उघडलेली दिसतील. मी स्वतः पहिली सहा वर्षं पार्टटाइम होतो, आठवडाभर एका एअरलाइनच्या मेंटेनन्समध्ये रात्रपाळी आणि ड्रिलच्या, म्हणजे महिन्याच्या त्या सरावाच्या, शनिवारी पहाटे गार्डच्या बेसवर, नंतर फुलटाइम झालो.

मी मूळचा ओझरचा. वडील एचएएलमध्ये मिगच्या असेंब्लीवर होते, त्यामुळे विमानाचा आवाज आणि केरोसीनचा वास हा घरचाच. इथे येऊन ग्रीन कार्ड झाल्यावर भरती झालो तेव्हा मलाही तुमच्यासारखंच वाटत होतं की हे हौशी लोकांचं काम असणार. पहिल्या दिवशी मला ज्याच्या हाताखाली दिलं त्याने त्या एकाच विमानावर ११ वर्षं काढलेली होती. नियमित हवाई दलात पोरं दर तीन-चार वर्षांनी बदली होऊन जातात, विमानही दुसऱ्याकडे जातं. गार्डमध्ये माणूस तिथलाच, घर तिथलंच, पोरं त्याच गावच्या शाळेत, आणि विमानही तेच. त्या विमानाचा कुठला व्हॉल्व्ह थंडीत रुसतो, कुठल्या पॅनेलचा स्क्रू सैल होतो हे त्याला वहीत बघावं लागत नव्हतं. राखीव युनिटची ताकद कशात आहे असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, जागेवर टिकून राहिलेली माणसं.

बरं, युनिट. माझं स्वतःचं मी सांगत नाही, ते बाजूला ठेवू. ज्याचा इतिहास सगळ्यात जास्त शिकवतो असं मला वाटतं ते म्हणजे डीसी गार्डच्या ११३ व्या विंगचं १२१ वं फायटर स्क्वाड्रन. मुक्काम अँड्र्यूज, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं विमान जिथे असतं तोच बेस, मेरीलँडमध्ये, राजधानीपासून हाकेच्या अंतरावर.

हे पथक १९४१ मध्ये निरीक्षण स्क्वाड्रन म्हणून उभं राहिलं, म्हणजे वरून बघायचं आणि खालच्या सैन्याला सांगायचं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते फायटर स्क्वाड्रन म्हणून अँड्र्यूजवर आलं, विमानं पी-४७ थंडरबोल्ट. त्या काळात गार्ड म्हणजे खरोखर फ्लाइंग क्लब होता असं जुने लोकही कबूल करायचे. महायुद्ध लढून आलेले पायलट, उरलेली जुनी विमानं, आणि पुढे काय करायचं याचा कुणालाच पत्ता नाही. मग कोरियाचं युद्ध लागलं आणि गार्डच्या ९२ उडणाऱ्या स्क्वाड्रनपैकी ६६ बोलावली गेली, साधारण ४५ हजार माणसं, म्हणजे दलातली ८० टक्के. आणि गोंधळ उडाला. विमानं जुनी, सुटे भाग नाहीत, कोणत्या युनिटने नेमकं काय काम करायचं हेच ठरलेलं नाही, आणि अनेक युनिटं तर चक्क फोडून माणसं इकडेतिकडे वाटली गेली. १२१ व्याला १९५१ च्या सुरुवातीला बोलावणं आलं. गार्डला जी अक्कल आली ती इथून आली असं माझं मत आहे, कारण त्यानंतर 'युद्ध लागल्यावर तयारी करू' ही भाषा बंद झाली.

१९५३ च्या मार्चमध्ये एक प्रयोग सुरू झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज आणि कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड इथल्या दोन गार्ड स्क्वाड्रननी दिवसा धावपट्टीच्या टोकाला विमानं तयार ठेवायची, पायलट बाजूलाच बसलेला, रशियन बॉम्बर आलं तर लगेच वर जायचं. याला आम्ही 'अलर्ट' म्हणतो. पुढच्याच वर्षी तो नियमित झाला. शांततेच्या काळात राखीव माणसांकडे रोजचं खरंखुरं काम देण्याची ही सुरुवात, आणि अमेरिकेच्या आकाशाची राखण हळूहळू गार्डकडे गेली ती इथून. नियमित दल परदेशात, घरचं गार्डकडे. तुम्ही विचारलंत ना की या युनिटांचं मिशन काय, तर एका बाजूला हे आहे, घराच्या आकाशावर पहारा, आणि दुसऱ्या बाजूला बोलावलं की नियमित दलाबरोबर जाऊन लढायचं. दोन्ही एकाच वेळी, त्याच विमानांनी, त्याच माणसांनी.

१९६० मध्ये १२१ व्याला एफ-१०० सुपर सेबर मिळालं. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाने अमेरिकेचं प्वेब्लो जहाज पकडलं, २३ तारखेला, आणि २६ तारखेला ११३ वी विंग बोलावली गेली. तीन दिवसात. तोपर्यंत व्हिएतनामला जायला लागू नये म्हणून लोक गार्डमध्ये शिरतात अशी बदनामी होती आणि काही ठिकाणी ती खरीही होती, ते नाकारून उपयोग नाही. पण त्या वर्षी गार्डची चार एफ-१०० स्क्वाड्रन व्हिएतनामला गेली, कोलोरॅडो, आयोवा, न्यू मेक्सिको आणि न्यूयॉर्कची, शिवाय फू कॅटच्या एका नियमित स्क्वाड्रनमध्ये डीसी आणि न्यू जर्सीच्या गार्डचे लोक भरपूर होते, आणि तिथे कुणी त्यांना वीकेंडवाले म्हणून वेगळं काढलं नाही. डीसीची विंग स्वतः साउथ कॅरोलायनात मर्टल बीचला बसून राहिली, नियमित पायलटांना ट्रेनिंग देत, आणि १९६९ मध्ये घरी परत आली.

त्यानंतर सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनमध्ये धोरण बदललं, राखीव आणि नियमित हे एकच दल धरायचं, सामान आणि ट्रेनिंगचं माप एकच. त्याआधी गार्डला मिळायची ती दुसऱ्याने वापरून टाकलेली विमानं. १२१ व्याकडे मग एफ-१०५ आलं, पुढे एफ-४ फँटम, आणि ऐंशीचं दशक संपता संपता एफ-१६. मधली वर्षं मी पळवतो, ट्रेनिंग, तपासण्या, परदेशी तैनाती, तेच तेच.

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. या दिवसाबद्दल लोक बरंच काही बोलतात पण त्यातली राखीव दलाची बाजू फार कमी सांगितली जाते. त्या सकाळी अख्ख्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर अलर्टला किती फायटर होती? १४. सात ठिकाणी दोन-दोन. शीतयुद्ध संपलं, खर्च कमी करायचा होता, म्हणून तेवढीच उरली. न्यूयॉर्कच्या दिशेने निघालेली दोन एफ-१५ मॅसॅच्युसेट्स गार्डची, ८:५३ ला हवेत. व्हर्जिनियातल्या लँगली बेसवरून ९:३० ला उडालेली एफ-१६ नॉर्थ डकोटा गार्डची. म्हणजे त्या दिवशी सगळ्यात आधी जे वर गेले ते सगळे 'वीकेंडवाले'.

आणि अँड्र्यूजचं १२१ वं? त्यांच्याकडे अलर्टची ड्यूटीच नव्हती. धावपट्टीजवळ तयार विमान नाही, पंखाखाली क्षेपणास्त्र नाही, नोरॅडच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या आकाशाची राखण करणाऱ्या कमांडच्या, यादीत नाव नाही. शनिवारीच ते नेवाड्यातून रेड फ्लॅगच्या मोठ्या सरावावरून परत आले होते, बरेच पार्टटाइम पायलट आपापल्या एअरलाइनच्या नोकरीवर गेलेले. स्क्वाड्रनमध्ये उरलेले थोडे लोक सकाळची मीटिंग करत होते.

पण शेजारधर्म म्हणून एक गोष्ट त्यांच्याकडे होती. राष्ट्राध्यक्षांचं विमान त्याच बेसवर, त्यामुळे सीक्रेट सर्व्हिसच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा बघणाऱ्या, लोकांशी रोजची ओळख, एकमेकांचे फोन नंबर माहीत. पेंटागॉनवर ९:३७ ला विमान आदळलं आणि सीक्रेट सर्व्हिसने थेट यांनाच विचारलं, काही वर पाठवता येईल का. नोरॅडमार्फत नाही, सरळ. विंग कमांडर ब्रिगेडियर जनरल डेव्हिड व्हर्ली यांना त्या फोनवरूनच परवानगी मिळाली की गरज पडल्यास पाडा. पुढे चौकशी आयोगाच्या अहवालात हे आलं की लँगलीच्या पायलटांना 'विमान ओळखा, शेपटीचा नंबर वाचा' एवढीच सूचना होती आणि अँड्र्यूजच्या पायलटांना पाडायची मुभा होती, एकाच आकाशात दोन वेगळे हुकूम, आणि नोरॅडला अँड्र्यूजची विमानं वर आहेत हेच माहीत नव्हतं. मला हे वाचून आजही अस्वस्थ वाटतं, कारण याच्यात मोठा अपघात होऊ शकला असता.

आता माझ्या कामाचा भाग. क्षेपणास्त्रं बेसच्या दुसऱ्या टोकाला दारूगोळ्याच्या कोठारात असतात. ती बाहेर काढायची, ट्रॉलीवर चढवायची, विमानापर्यंत आणायची, लावायची, तपासायची, हे घाई केली तरी तासाभराचं काम आहे. तेवढा वेळ नव्हता. विमानात होत्या फक्त सरावाच्या गोळ्या, १०५ प्रत्येकी. एफ-१६ ची तोफ सेकंदाला १०० गोळ्या सोडते. म्हणजे एक सेकंदाचा माल, आणि तोही स्फोट न होणारा. एवढ्याने भरलेलं प्रवासी विमान पडत नाही, हे त्या पायलटांना माहीत होतं.

पहिलं विमान १०:३८ ला उडालं, तो पायलट नॉर्थ कॅरोलायनातल्या रेंजवरून जेमतेम इंधनावर नुकताच उतरला होता, त्याला तसाच पुन्हा वर पाठवला. १०:४२ ला लेफ्टनंट कर्नल मार्क सॅसव्हिल आणि लेफ्टनंट हेदर पेनी गेले. ठरलं असं की वॉशिंग्टनकडे येणारं पळवलेलं विमान दिसलं तर सॅसव्हिल त्याच्या कॉकपिटवर आपलं विमान घालणार आणि पेनी शेपटीवर. पेनीचे वडील युनायटेड एअरलाइन्सचे पायलट होते.

एफ-१६ नेहमीप्रमाणे उडवायचं तर पायलट शिडी चढल्यापासून टॅक्सी करेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. फिरून तपासणी, इंजिन चालू, सिस्टिम चेक, दिशादर्शक यंत्र स्थिर व्हायला काही मिनिटं, मग आम्ही सेफ्टी पिना काढून पायलटला मोजून दाखवतो, चाकांना लावलेले अडसर म्हणजे चॉक्स काढतो, सॅल्यूट, आणि विमान जातं. त्या दिवशी पेनीने सवयीने तपासणी सुरू केली तर सॅसव्हिलने ओरडून तिला थेट चढायला सांगितलं. तिने इंजिन चालू केलं, चॉक्स ओढायला सांगितले, आणि विमान पुढे सरकायला लागलं तेव्हा तिच्या क्रू चीफचा हेडसेट अजून विमानाला जोडलेला होता आणि तो विमानाखाली पळत पळत पिना काढत होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हाताला घाम आला. चालत्या जेटच्या खाली, पुढे इंजिनचं तोंड माणूस ओढून घेणारं, बाजूला चाकं. असं कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, आणि हे तोच करू शकतो ज्याचा हात अंधारातही त्या पिनेवर बरोबर पडतो.

पळवलेल्या, युनायटेडच्याच फ्लाइट ९३ चे प्रवासी लढले आणि ते विमान १०:०३ लाच पेनसिल्व्हेनियात पडलं होतं, पण हे वर गेलेल्यांना माहीत नव्हतं, ते शोधतच राहिले. ११:११ ला क्षेपणास्त्रं लावलेली पहिली दोन विमानं गेली. त्यातला एक पायलट होता डॅन केन, त्या सकाळी ऑपरेशन्स डेस्कवर फ्लाइंगची जबाबदारी त्याच्याकडेच होती. तोच केन एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या सगळ्या दलांच्या सेनाप्रमुखांचा अध्यक्ष झाला, गार्डमधून त्या पदावर पोचलेला पहिला माणूस. राखीव म्हणजे दुय्यम असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही एक गोष्ट सांगतो. आणि व्हर्ली साहेब, ज्यांनी तो हुकूम घेतला आणि दिला, ते २२ जून २००९ ला वॉशिंग्टनच्या मेट्रो ट्रेनच्या अपघातात पत्नीसह गेले. मी त्यांना कधी भेटलो नाही पण आमच्या हँगरमध्ये त्या दिवशी कुणी जास्त बोललं नाही.

त्यानंतर सगळं बदललं. १२१ व्याला कायमची अलर्ट ड्यूटी मिळाली, राजधानीच्या आकाशाची, २४ तास, आजही. वॉशिंग्टनभोवती साधारण ३० नॉटिकल मैलांचा निर्बंधित पट्टा आहे, त्यात कुणी न विचारता शिरलं, रेडिओला उत्तर देत नाही, तर भोंगा वाजतो. बहुतेक वेळा तो कुणीतरी वाट चुकलेला छोट्या सेसनाचा म्हातारा पायलट असतो. त्याला आधी जमिनीवरून लाल-हिरव्या लेझरने इशारा, हळू उडणाऱ्यासाठी कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर, आणि नाहीच तर एफ-१६. ४ जून २०२३ ला वॉशिंग्टनमधल्या लोकांनी दुपारी जोरात धमाका ऐकला आणि घाबरून पोलिसांना फोन केले, तो यांच्या विमानांनी ध्वनीचा वेग ओलांडल्याचा आवाज होता. एक खासगी सायटेशन जेट उत्तर देत नव्हतं आणि शहरावरून सरळ चाललं होतं. फायटरनी ते गाठलं, लक्ष वेधायला फ्लेअर म्हणजे जळते गोळे सोडले, पायलट प्रतिसाद देईना, शेवटी ते व्हर्जिनियाच्या डोंगरात पडलं. त्यांना काही करता आलं नाही, पण या वेळी विमानं शस्त्रं लावून तयार उभी होती, यात २००१ आणि २०२३ मधला फरक आहे.

अलर्टच्या शेडमध्ये काम कसं असतं ते मी केलंय म्हणून सांगतो. विमान आधीच तपासून, भरून, शस्त्रं लावून, सगळे स्विच योग्य जागी ठेवून उभं असतं. त्याला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही बाजूच्या खोलीत बूट घालूनच झोपता. भोंगा झाला की पायलटच्या आधी तुम्ही विमानाशी असायला हवं. दिवसेंदिवस काहीच होत नाही, आणि कंटाळलेल्या माणसाचं लक्ष ढळू न देणं हेच खरं कठीण काम आहे, आमचा जुना चीफ तर पत्ते खेळतानाही मधेच उठून टायरचं प्रेशर बघून यायचा.

नोकरी आणि घर यांचं काय, हेही विचारलंय. कायदा आहे, १९९४ चा, की लष्करी ड्यूटीसाठी गेलेल्या माणसाला परत त्याच नोकरीवर घ्यावंच लागतं. कागदावर चोख. प्रत्यक्षात माझ्या एका मॅनेजरने मी चार महिने परदेशी तैनातीवर जाऊन आल्यावर मला वर्षभर सगळ्या सणांच्या दिवशी ड्यूटी लावली. बायकोने दोन दिवाळ्या एकटीने केल्या, मुलाच्या शाळेत 'बाबा कुठे' याचं उत्तर तिनेच दिलं. नियमित फौजींची कुटुंबं बेसवर राहतात, आजूबाजूला सगळे तसलेच, एकमेकांना सांभाळतात. आमची कुटुंबं साध्या गल्लीत, शेजाऱ्याला माहीतही नसतं. राखीव दलाची खरी किंमत घरचे लोक मोजतात हे मी अनुभवाने सांगतो, आणि भरती होणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी बायकोशी बोलून ये म्हणायचो.

भारतात असं आहे का? प्रयत्न झाला होता. १९५२ चा राखीव आणि सहायक हवाई दल कायदा आहे, त्याखाली पन्नासच्या दशकात सहायक स्क्वाड्रन उभी राहिली, त्यात एक मुंबईचं होतं, दिवसा ऑफिस करून सुट्टीला हार्वर्डवर उडणारे लोक. पुढे ती बंद झाली किंवा नियमित दलात मिसळली. मला वाटतं आपल्याकडे आता परिस्थिती वेगळी आहे, एअरलाइन वाढल्यात, हवाई दलातून निवृत्त झालेले चाळिशीचे पायलट आणि टेक्निशियन पुणे, नाशिक, नागपूर सगळीकडे आहेत, आणि त्यांचा हात अजून गेलेला नाही. पण नुसती माणसं गोळा करून होत नाही, कोरियाच्या वेळी तेच झालं. एका ठिकाणी, त्याच विमानांवर, ठरलेल्या कामासाठी वर्षानुवर्षं ठेवावं लागतं आणि चांगली विमानं द्यावी लागतात, उरलेली नाही.

शेवटचा तुमचा उपप्रश्न, पुढे अमेरिकेत आलो तर गार्डमध्ये जाता येईल का. टेक्निशियन म्हणून ग्रीन कार्डवर भरती होते, मी तसाच गेलो. पायलट व्हायचं तर ऑफिसर व्हावं लागतं आणि त्याला नागरिकत्व लागतं. आणि गार्डमध्ये पायलट वरून पाठवत नाहीत, स्क्वाड्रन स्वतः निवडतं. त्यामुळे अर्ज टाकून वाट बघू नका. आधी चिठ्ठी पाठवून ड्रिलच्या वीकेंडला जा, पुन्हा पुढच्या महिन्यात जा, लोकांशी बोला, खुर्च्या उचलायला मदत करा. मुलाखतीच्या खोलीत बसलेले लोक पुढची वीस वर्षं तुमच्याबरोबर उडणार असतात आणि ते तेवढंच बघतात की हा माणूस आपल्यात टिकेल का. आणि फ्लाइटलाइनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, गेलात तर क्रू चीफला आधी हात मिळवा, विमान त्याचं असतं.